घोडा, घोरा आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाशी येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी तरी नावाजलेली विदुषी बोलवायची, हा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला उभे केले. मी म्हटले, "अहो, मी काय सांगणार?" त्या म्हणाल्या, "विद्यापीठात भाषेचे संशोधन चालते म्हणतात, ते नेमके कसले, तेवढे सांगा. आमच्या मुली विचारतात, मराठी घेऊन पुढे करायचे काय?"

प्रश्न रास्त आहे. मी विद्यापीठातली नव्हे. जन्मभर मुलांचे शुद्धलेखन तपासले, एवढाच माझा भाषेशी संबंध. पण गेल्या वर्षी माझ्या घरी एक गोष्ट घडली आणि या वयात मला पुस्तके उघडावी लागली. तेव्हा आज आधी एक कबुली देते आणि मग विद्यापीठाकडे वळते.

१९७९ साली लग्न होऊन मी वाशीला आले. खाडीवरचा पूल होऊन तेव्हा सहाच वर्षे झाली होती. रेल्वे यायला अजून तेरा वर्षे होती. सिडकोने आखलेल्या सेक्टरांत निम्म्या इमारती उभ्या आणि निम्मा चिखल, अशी स्थिती. एका शाळेत मला नोकरी मिळाली. वर्गात दोन तऱ्हेची मुले असत. काही आमच्यासारखी, कुठून कुठून येऊन वसाहतीत राहिलेल्यांची. आणि काही वाशीगाव, जुहूगाव इथली, आगरी-कोळ्यांची. ज्या जमिनीवर आमच्या इमारती उभ्या होत्या, तिथे ज्यांच्या आजोबांनी भात लावले होते आणि मिठागरे राखली होती, त्यांची ही मुले.

सातवीच्या वर्गात मी 'आमचे गाव' हा निबंध दिला. गावातल्या एका मुलीने दोन पाने लिहिली. खाडी, उधाण, बांधावरची उघाडी, चिंबोऱ्या, सगळे त्यात होते. पण 'गाडी'ची 'गारी' झाली होती, 'झाडा'चे 'झार', 'घोड्या'चा 'घोरा' आणि 'पाण्या'चे 'पानी'. मी लाल पेन्सिलीने चौदा वर्तुळे काढली. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. मी तो निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. मुले हसली. मीही हसले.

त्या दिवसानंतर ती मुलगी वर्गात बोलेनाशी झाली. निबंध लिही म्हटले की मार्गदर्शकातला पाठ केलेला निबंध उतरवून काढी. त्यात एकही चूक नसे, आणि उघाडीही नसे. मला तेव्हा वाटले, सुधारली!

मध्ये चाळीसहून अधिक वर्षे गेली. गेल्या वर्षी एके दुपारी दारात पन्नाशी ओलांडलेली एक बाई उभी. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. "बाई, वलखलंत का?" मी आवाजावरून ओळखले. तिचे काम असे होते: तिच्या सासूबाई धवलारीण आहेत. वय ऐंशीच्या पुढे.

आपल्यातल्या घाटावरून आणि विदर्भातून आलेल्या भगिनींना हा शब्द ठाऊक नसेल. आगरी लग्नात विधी चालतात ते धवलारणीच्या गाण्यावर. मांडव घालण्यापासून देवांना आवतण देणे, तेलवण, हळद, प्रत्येक टप्प्याची गाणी निराळी. त्यांना धवले म्हणतात. ती सगळी तोंडपाठ असतात. लिहिलेले काही नाही. आता बहुतेक ठिकाणी हळदीला मोठमोठे कर्णे लागतात आणि धवलारणीला बोलावले तर अर्ध्या तासासाठी. या सासूबाईंच्या हाताखाली तर नवीन कोणी तयार झालेली नाही.

नातीला हे कळले. तिने आजीची गाणी फोनमध्ये साठवली. हल्लीचे फोन बोललेले ऐकून लिहून काढतात ना, तसे करून पाहिले. पण आजी म्हणे 'गारी' आणि फोन लिही 'गाडी'. काही ठिकाणी तर भलतेच. फोनच्या आत माझ्यासारखी एक मास्तरीण बसलेली आहे म्हणायची! म्हणून त्या माझ्याकडे आल्या. "तुमचं अक्षर चांगलं हाय बाई," माझी विद्यार्थिनी म्हणाली.

आम्ही बसलो. ऐकता ऐकता मी लिहू लागले. गाण्यात नवरदेवाचा घोरा आला आणि माझ्या हाताने, चाळीस वर्षांच्या सवयीने, 'घोडा' लिहिले. शेजारी बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीने वहीवर बोट ठेवले. "बाई, ड नाय, र लिवा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. गाणे जसे आहे तसे उतरावे, एवढीच तिची काळजी. पण मला ती चौदा वर्तुळे आठवली. त्या रात्री झोप काही नीट लागली नाही. मग मी ग्रंथालयात जाऊ लागले. जे संगणकावर होते ते नातवाने काढून दिले. त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट उमगली ती ही की, चुकीला नियम नसतो. ती मुलगी 'डबा' बरोबर लिही, 'डोंगर' बरोबर लिही. शब्दाच्या आरंभी ड आला तर तो ड-च राही. मध्ये किंवा शेवटी आला की त्याचा र होई. चौदा ठिकाणी तिने एकच नियम पाळला होता, आणि ती चूक म्हणून मी चौदा वेळा कापली होती. बोलीत असा नियम असतो, हे कोणी मला डी.एड.ला सांगितले नव्हते.

आणि आपला 'घोडा' तरी मुळातला कुठे आहे? संस्कृतात तो 'घोटक'. त्यातल्या ट-चा आपण ड केला. 'वट' होता त्याचा 'वड' झाला. 'षोडश'मधल्या ड-चा तर आपण पुण्या-मुंबईच्या मंडळींनीच ळ करून 'सोळा' म्हटले आणि त्याबद्दल आपल्याला कोणी लाल पेन्सिल लावली नाही. 'घोटक'चा 'घोडा' झाला तर ती भाषेची वाढ, आणि 'घोड्या'चा 'घोरा' झाला तर तो अडाणीपणा, हा न्याय कुठला? रस्ता एकच आहे. आगरी एक पाऊल पुढे गेली, इतकेच.

उच्चार असे नियमाने बदलतात, हे जगाला पटवून देणाऱ्यांत जर्मनीतले याकोब ग्रिम हे एक मोठे नाव. संस्कृतातल्या 'पाद'ला इंग्रजीत 'फुट' आणि 'पितृ'ला 'फादर' का म्हणतात, प-चा फ तिथे नेमाने कसा झाला, ते त्यांनी १८२२ साली मांडून दाखवले. पुढे ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. गंमत अशी की हे तेच ग्रिम, ज्यांच्या परीकथा आपण मुलांना सांगतो. त्यांनी आणि त्यांच्या भावाने त्या कथा ऐकल्या त्या बऱ्याचशा बायकांकडून. त्यांतली एक, डोरोथेआ फीमान, आपल्या बागेतला भाजीपाला विकायला शहरात येत असे. भाजीवालीची गोष्ट आणि विद्यापीठाचे शास्त्र एकाच माणसाच्या टेबलावर शेजारी शेजारी होते. विद्यापीठातले भाषासंशोधन म्हणजे काय, याचे माझ्यापुरते उत्तर मला तिथेच मिळाले.

आता आपल्याकडे या. ग्रिअर्सन नावाच्या आयरिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली. तिचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात आगरी आहे, कोळी आहे, वारली आहे. म्हणजे ज्या बोलीला मी वर्गात हसले, तिची नोंद माझ्या जन्माच्या कितीतरी आधी झालेली होती. पद्धत अशी की, बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट सरकारी अधिकाऱ्यांमार्फत ठिकठिकाणी पाठवायची आणि तिथल्या बोलीत ती उतरवून घ्यायची. काम थोरच. पण भगिनींनो, त्या गोष्टीत बाप आहे, दोन मुलगे आहेत, चाकर आहेत, डुकरेसुद्धा आहेत. आई मात्र नाही. मग चुलीपाशी, जात्यापाशी, बाळंतिणीच्या खोलीत जी भाषा बोलली जाते ती त्यात कुठून सापडावी?

आईला भाषेच्या अभ्यासात आणायला पुढे बायकाच आल्या. डॉ. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना 'अपौरुषेय वाङ्मय' असे नाव देऊन त्यांचा ग्रंथ केला. वेदांना लावायचा शब्द त्यांनी आपल्या आज्यांच्या गाण्यांना लावला! इरावतीबाई कर्वे १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. आपल्याला त्या 'युगान्त'मुळे ठाऊक. पण आत्या, मावशी, जाऊ, नणंद, साडू या नात्यांची आणि नात्यांच्या शब्दांची देशभरची मांडणी करणारा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. याच डेक्कन कॉलेजाने अलीकडे राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींची नव्याने पाहणी केली. गावोगाव जाऊन, बायका-पुरुष, तरुण-म्हातारे, सगळ्यांना बोलते करून त्यांचे आवाज साठवले. एकाच वस्तूला कुठे काय म्हणतात याचे नकाशे केले. ते संगणकावर कोणालाही पाहता-ऐकता येतात. मी पाहिले. तिथे कोणी कोणाचे बोलणे दुरुस्त करीत नाही. फक्त ऐकून घेतात, आणि कोण, कुठला, वय काय, हे नीट लिहून ठेवतात.

घाटावरच्या भगिनींसाठी आणखी एक सांगते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्यास राहून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक-दोन हजार नव्हे, लाखाहून अधिक. हजारावर गावांतल्या बायांनी त्या सांगितल्या आणि ओवीबरोबर गाणारणीचे नाव, गाव टिपून ठेवले. २०१७ पासून त्या संगणकावरही येत आहेत. आपल्यातल्या कोणाची आजी मुळशी-मावळातली असेल, तर तिची ओवी त्यात असूही शकेल. घरी गेल्यावर शोधून पाहा.

आता धवल्यांकडे येते, कारण इथे मला सगळ्यांत मोठा धक्का बसला.

मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण महदंबेचे नाव शाळेत शिकवतो. तेराव्या शतकातली ही महानुभाव पंथातली विधवा बाई. चक्रधरस्वामींना आणि इतरांना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडणारी म्हणून तिची ख्याती. वऱ्हाडात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा एक लटका सोहळा भक्तांनी मांडला, तेव्हा महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी रचून म्हटली. त्या गाण्यांना म्हणतात 'धवळे'. मी हे वीस वर्षे शिकवले. "धवळे म्हणजे काय? वरविषयक गीते. एक मार्क." आणि माझ्या शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर, वाशीगावात, बाया मांडवात बसून तेच नाव असलेली गाणी म्हणत होत्या. मी एकदाही गेले नाही. एकाही मुलीला विचारले नाही की, तुमच्या घरी असे काही गातात का?

इथले धवले महदंबेच्या धवळ्यांतून निघाले, असे मी म्हणत नाही. पण लग्नात बायांनी गायच्या गाण्याला धवळा म्हणण्याची चाल सातशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती आपल्या सेक्टरच्या शेजारी आजही चालू आहे, एवढे तरी मला ठाऊक असायला हवे होते. रिद्धपूरला २०२४ साली मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले. ज्या गावात एका बाईने लग्नाची गाणी म्हटली, तिथे आज विद्यापीठ आहे, हे मात्र पेढे खाताना कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही.

त्याच पंथातल्या दोन गोष्टी सांगून हा भाग संपवते. म्हाइंभट पंडित होते. चक्रधरांच्या पश्चात त्यांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते घरी बसून नव्हे. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले, त्यांच्याकडे गावोगाव जाऊन, विचारून, ताडून पाहून त्यांनी आठवणी जमवल्या. शेतात काम करणाऱ्याकडे जायचे तर बांधावर जायचे. आज विद्यापीठात याला मोठे नाव असेल; आपल्याकडे ते सातशे वर्षांपूर्वी झाले आहे. दुसरी गोष्ट नागदेवाचार्यांची. शिष्य संस्कृतात लिहू-बोलू लागले तेव्हा त्यांनी अडवले. कारण काय दिले? त्याने माझ्या म्हाताऱ्या बायांची नागवणूक होईल. मराठीतला एवढा मोठा ग्रंथसंभार मराठीत राहिला, त्याचे एक कारण म्हातारी बाई आहे. तिला समजावे म्हणून पंडित थांबले. आणि आम्ही शिकलेल्या बायका म्हातारीचे बोलणे ऐकून हसतो.

चिटणीसबाईंचा प्रश्न मी विसरलेले नाही. मराठी घेऊन मुलींनी करायचे काय? शिकवणे आहे, कोशाचे काम आहे, भाषांतर आहे, हस्तलिखिते वाचणे आहे. संगणकाला आपल्या बोली शिकवायच्या आहेत. त्याची गरज किती आहे ते त्या नातीच्या फोनने दाखवलेच. आपल्या मुंबईत स्त्रियांसाठी १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी काढलेले विद्यापीठ आहे. मुंबई विद्यापीठात कालिन्याला लोककला अकादमी आहे. वाट सरळसोट आहे असे मी म्हणणार नाही. पगार बेताचा असतो आणि जागा थोड्या. पण काम नाही असे मात्र कोणी म्हणू नये. काम इतके आहे की ते पुरे होण्याआधी सांगणाऱ्या बाया जातील, हीच भीती.

आणि ते सारे विद्यापीठावर टाकूनही भागणार नाही. विद्यापीठातला मुलगा मांडवात गेला तर धवलारीण त्याच्यापुढे चार गाणी म्हणेल. आपण गेलो, चटईवर बसलो, हळद कुटायला हात लावला, तर ती चाळीस म्हणेल. म्हणून मंडळापुढे माझ्या चार सूचना आहेत.

एक, प्रत्येकीने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यांत वयस्क बाईकडून एक गाणे, एक कहाणी, किंवा निदान दहा शब्द, आज कोणी वापरीत नाही असे, लिहून आणावेत. भांड्यांची नावे, भाताच्या जातींची नावे, भरती-ओहोटीचे शब्द, काहीही. आपण आज जिथे बसलो आहोत त्या जागेला सेक्टर पडण्याआधी काय म्हणत, हे तरी गावात जाऊन विचारावे.

दोन, जसे बोलले तसेच लिहावे. सुधारायचे नाही. ही सूचना मी मुख्यतः स्वतःला करते आहे.

तीन, सांगणारीचे नाव, गाव, माहेर, वय आणि तारीख टिपल्याशिवाय पान पुरे झाले असे समजू नये. नाव नसलेले गाणे कोणाचेही होते, आणि मग ते कोणाचेच राहत नाही.

चार, विचारल्याशिवाय घेऊ नये. आमच्या धवलारीणबाईंनी मला दोन गाणी लिहू दिली नाहीत. ती मांडवाबाहेर म्हणायची नसतात, असे त्या म्हणाल्या. मी ती पाने कोरी सोडली. कोऱ्या पानाचाही मान ठेवावा.

कोणी म्हणेल, मग प्रमाण मराठी शिकवूच नये काय? अवश्य शिकवावी. बँकेचा अर्ज, वर्तमानपत्र, परीक्षेचा पेपर, यांसाठी सगळ्यांची म्हणून एक भाषा लागते, आणि गावातल्या मुलीला ती न शिकवणे हाही तिच्यावर अन्यायच. माझी लाल पेन्सिल मी फेकून दिलेली नाही. पण आज तो निबंध माझ्या हाती आला असता, तर मी समासात लिहिले असते, "पुस्तकात 'गाडी' लिहितात. तुझ्या घरी 'गारी' म्हणतात. दोन्ही लक्षात ठेव. आणि उघाडी कशी चालते ते आणखी चार ओळी लिही." एवढे लिहायला किती वेळ लागला असता?

वही पुरी झाली. पहिल्या पानावर धवलारीणबाईंचे नाव, खाली गाव, मग तारीख. शेवटच्या पानावर लिहून घेणारीचे नाव घालायचे होते. मी माझे घातले आणि त्याखाली 'तपासले' असे लिहून माझ्या विद्यार्थिनीकडे पेन दिले. तिने सही केली. तपासण्याचा अधिकार तिचाच होता.

त्या वहीची एक प्रत त्यांच्या घरी आहे, एक विद्यापीठाकडे द्यायचे त्यांच्या नातीने मनावर घेतले आहे. तिसरी प्रत, त्यांच्या परवानगीने, मी आज मंडळाच्या कपाटासाठी आणली आहे. त्या कपाटात पाककृतींच्या आणि हिशेबाच्या वह्यांशेजारी अशा आणखी वह्या येवोत, एवढीच इच्छा.